पवित्र सप्ताहातील संगीताचे प्रक्षेपण आणि श्रोत्याची जागा : बाखच्या पॅशन-रचनांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

१८ एप्रिल १९३० हा गुड फ्रायडेचा दिवस होता. त्या रात्री पावणेनऊच्या सुमारास ब्रिटिश नभोवाणीच्या निवेदकाने आज काही बातमी नाही एवढेच सांगितले. बातमीपत्राच्या उरलेल्या वेळात पियानोवादन ऐकविण्यात आले आणि त्यानंतर लंडनच्या क्वीन्स हॉलमधून चालू असलेले वाग्नरच्या 'पार्सिफाल'चे प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले. 'पार्सिफाल'च्या तिसऱ्या अंकात गुड फ्रायडेचा प्रसंग आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या कार्यक्रमाची संगती लागते. आज हा प्रसंग गमतीने सांगितला जातो. तथापि त्यात एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. धार्मिक पंचांगातील एखादा दिवस नभोवाणीवरून 'पाळला' जाऊ शकतो काय? घरातील खुर्चीत बसलेला, कदाचित जेवणाच्या ताटावर असलेला श्रोता त्या दिवसाच्या विधीत सहभागी होतो, की तो केवळ संगीताचा रसिक असतो?

ईस्टरच्या पर्वातील, म्हणजे राखेच्या बुधवारापासून सुरू होणारा उपवासकाळ, पवित्र सप्ताह आणि पुनरुत्थानाचा रविवार या कालावधीतील गायकवृंदाच्या संगीताची प्रक्षेपणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. विषय संगीताचा असला तरी येथे मांडावयाचा मुद्दा मूलतः साहित्यविचारातील आहे. या प्रक्षेपणांच्या केंद्रस्थानी असणाऱ्या योहान सेबास्टिअन बाख याच्या पॅशन-रचना प्रथम शब्दसंहिता आहेत, आणि त्या संहितेतच श्रोत्यासाठी एक जागा राखून ठेवलेली आहे. ही जागा मंदिराच्या भिंतींवर अवलंबून नाही. ती व्याकरणात आहे. कोणाच्या तोंडी कोणते सर्वनाम आले आहे, त्यात आहे. म्हणून प्रक्षेपणामुळे हे संगीत आपल्या स्थानापासून तुटले, अशी जी तक्रार केली जाते, ती अर्धीच खरी आहे. स्थान सुटले तरी श्रोत्याची जागा टिकू शकते. मात्र ती टिकण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : काळाची शिस्त आणि प्रतिसादाची संधी.

२. पॅशनची संहिता : तीन स्तर

पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे कथन. पवित्र सप्ताहात शुभवर्तमानातील हा भाग गाऊन वाचण्याची प्रथा फार जुनी आहे. बाखच्या काळी लाइप्झिगमध्ये या कथनाला वाद्यवृंद, एकलगायन व समूहगायन यांची जोड मिळालेली होती. तेथील मुख्य चर्चमध्ये असे भव्य पॅशन १७२१ मध्ये प्रथम सादर झाले. बाख १७२३ मध्ये तेथे आला. 'योहानकृत पॅशन' ७ एप्रिल १७२४ रोजी आणि 'मत्तयकृत पॅशन' ११ एप्रिल १७२७ रोजी, दोन्ही गुड फ्रायडेच्या सायंप्रार्थनेत प्रथम गायिली गेली. दुसऱ्या रचनेला बाखने १७३६ मध्ये सुधारित रूप दिले.

या सायंप्रार्थनेचा क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. आरंभी मंडळीचे गीत, मग पॅशनचा पूर्वार्ध, मग प्रवचन, मग उत्तरार्ध, आणि शेवटी प्रार्थना व पुन्हा मंडळीचे गीत. म्हणजे आज आपण जिला सलग कलाकृती म्हणून ऐकतो ती मुळात एका प्रवचनाच्या दोन बाजूंस बसविलेली होती. दुसरी गोष्ट अशी की, उपवासकाळात लाइप्झिगच्या चर्चमध्ये वाद्यवृंदासह होणारे थाटाचे संगीत जवळजवळ बंद असे. अनेक आठवड्यांच्या या संयमानंतर गुड फ्रायडेच्या सायंकाळी पॅशनचे पहिले स्वर उमटत. त्या स्वरांच्या परिणामात त्यामागील दीर्घ शांततेचाही वाटा होता.

संहितेचे तीन स्तर स्पष्ट दिसतात. पहिला स्तर शुभवर्तमानाच्या गद्याचा. 'मत्तयकृत पॅशन'मध्ये मत्तयाचे २६ व २७ हे अध्याय लूथरच्या जर्मन भाषांतरात जवळजवळ अक्षरशः आले आहेत. शुभवर्तमानकाराचे निवेदन एका तार स्वराच्या गायकाकडे, ख्रिस्ताचे शब्द खालच्या पट्टीच्या गायकाकडे आणि जमावाचे, शिष्यांचे, याजकांचे शब्द समूहाकडे आहेत. दुसरा स्तर नव्याने रचलेल्या काव्याचा. 'मत्तयकृत पॅशन'मधील हे काव्य पिकांडर या टोपणनावाने लिहिणाऱ्या ख्रिस्तिआन फ्रीडरिख हेन्रिकी याचे आहे. येथे कथा थांबते आणि एक व्यक्तिगत मन त्या प्रसंगावर चिंतन करते. तिसरा स्तर कोरालांचा, म्हणजे मंडळीने पिढ्यान्‌पिढ्या गायिलेल्या गीतांच्या कडव्यांचा. ही गीते बाखने लिहिली नाहीत, त्यांच्या बहुतेक चालीही त्याच्या नाहीत. त्याने त्यांना स्वरसंगती दिली. बाखच्या श्रोत्यांना ती पाठ होती. पाउल गेरहार्ट या सतराव्या शतकातील कवीच्या एका गीताची, हास्लरच्या मुळातील चाल 'मत्तयकृत पॅशन'मध्ये पाच वेळा येते. तिची स्वरसंगती बहुतेक वेळा बदलते आणि त्याबरोबर तिचा भावही बदलतो.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता पहिल्या स्तरात 'तो' आणि 'ते' आहेत, दुसऱ्यात 'मी' आहे. तिसऱ्या स्तरातील 'मी' मात्र वेगळ्या जातीचा आहे : तो अनेकांनी मिळून उच्चारलेला एकवचनी 'मी' आहे. प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा होय.

एक उदाहरण पाहू. शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुमच्यापैकी एकजण मला धरून देईल, असे ख्रिस्त सांगतो. शिष्य अस्वस्थ होऊन, तो मी आहे काय, असे एकामागून एक विचारतात. बाखने या प्रश्नासाठी समूहस्वरांची एक लहानशी, धांदलीची रचना केली आहे. तीत 'प्रभू' ही हाक अकरा वेळा येते. बारावा, म्हणजे यहूदा, अद्याप बोललेला नाही, असा तिचा अर्थ अभ्यासक लावतात. मत्तयाच्या कथेत या प्रश्नाचे उत्तर पुढे ख्रिस्त देतो. बाखच्या संहितेत मात्र त्यापूर्वीच, क्षणाचाही अवकाश न ठेवता, कोराल सुरू होतो आणि उत्तर देतो : तो मीच, प्रायश्चित्त मी घ्यावयास हवे होते. हे गेरहार्टच्याच दुसऱ्या एका गीताचे कडवे आहे. प्रश्न विचारला पहिल्या शतकातील शिष्यांनी. उत्तर दिले अठराव्या शतकातील लाइप्झिगच्या मंडळीच्या ओळखीच्या गीताने. सतरा शतकांचे अंतर एका श्वासात नाहीसे होते.

'योहानकृत पॅशन'मध्ये त्याच गीताची दोन कडवी अशाच युक्तीने आली आहेत. महायाजकासमोर एक शिपाई ख्रिस्ताला चपराक मारतो. त्यावर पहिले कडवे, तुला असे कोणी मारले, असा प्रश्न करते. दुसरे कडवे, मी आणि माझ्या पापांनी, असे उत्तर देते. शिपाई बाजूला राहतो आणि ऐकणारा आरोपीच्या जागी उभा राहतो. दोन वेगळ्या कृतींत एकाच गीताकडून एकच काम करून घेतले आहे, तेव्हा हा योगायोग मानता येत नाही. ही या साहित्यप्रकाराची रीतच आहे.

येथे एक संभाव्य गैरसमज दूर करावयास हवा. पॅशनमधील कोराल लाइप्झिगची मंडळी स्वतः गात असे, असे मानण्यास भक्कम आधार नाही. ते गायकवृंदच गात असे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. मंडळी प्रार्थनेच्या आरंभी व शेवटी गात असे. म्हणजे मूळ प्रसंगीही पॅशनमधील 'मी'चा उच्चार दुसऱ्या कोणाच्या तोंडून होत होता आणि श्रोता तो मनातल्या मनात आपला करून घेत होता. कंठ दुसऱ्याचा आणि कबुली आपली, ही रचना प्रक्षेपणाच्या युगाने निर्माण केलेली नाही. ती संहितेत आधीपासूनच आहे. नभोवाणीपुढे बसलेला श्रोता मूळ श्रोत्यापासून आपण समजतो तितका दूर नाही, तो यामुळे.

३. मंदिर ते सभागृह

पॅशनची मंदिरापासून फारकत नभोवाणीने घडवून आणली, हा समज इतिहासाला धरून नाही. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनच्या झिंगआकाडेमीत वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने 'मत्तयकृत पॅशन'चे पुनरुज्जीवन केले, तेव्हाच ती फारकत झाली होती. प्रवचन गेले, प्रार्थना गेली, संहितेतील बराच भाग गाळला गेला आणि तिकीट काढून आलेला श्रोतृवर्ग समोर बसला. दिवसही गुड फ्रायडेचा नव्हता. पण दुसरा प्रयोग बाखच्या जन्मदिनी, २१ मार्चला झाला आणि तिसरा त्याच वर्षीच्या गुड फ्रायडेला, मेंडेल्सझोनचा गुरू त्सेल्टर याच्या नेतृत्वाखाली. स्थान बदलले तरी काळ या कृतीला आपल्याकडे ओढून घेत होता, असे यावरून दिसते.

हा झगडा नेदरलंडमध्ये अधिक उघडपणे झाला. विलेम मेंगेलबर्ग याने १८९९ पासून ॲम्स्टरडॅमच्या कन्सर्टखेबाऊ सभागृहात झावळ्यांच्या रविवारी 'मत्तयकृत पॅशन' सादर करण्याचा प्रघात पाडला. मोठा गायकवृंद, संथ लय, काटछाट आणि भावनेचा उमाळा ही त्या प्रयोगांची वैशिष्ट्ये होती. त्यावरील प्रतिक्रिया म्हणून १९२१ मध्ये डच बाख सोसायटी स्थापन झाली आणि १९२२ पासून नार्डेन येथील जुन्या चर्चमध्ये हीच रचना गायिली जाऊ लागली. सभागृह की चर्च, हा वाद दोन वास्तूंचा दिसला तरी वस्तुतः तो दोन प्रकारच्या श्रोत्यांविषयीचा होता. गंमत अशी की, यांपैकी सभागृहातील परंपरा आज आपल्याला प्रत्यक्ष ऐकावयास मिळते ती नभोवाणीमुळे. मेंगेलबर्गचा २ एप्रिल १९३९ चा, महायुद्ध पेटण्याच्या पाच महिने आधीचा प्रयोग नभोवाणीसाठी फिल्मपट्टीवर मुद्रित झाला होता. ती मुद्रिका आजच्या कानांना शैलीच्या दृष्टीने परकी वाटेल. पण त्या रविवारी त्या सभागृहात असणाऱ्या माणसांना हे संगीत किती निकडीचे वाटत होते, याचा तिच्याइतका दुसरा पुरावा नाही.

४. प्रक्षेपण : शंका आणि स्वीकार

इंग्लंडमध्ये नभोवाणी आणि उपासना यांचे नाते शंकेने सुरू झाले. २६ एप्रिल १९२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत ड्यूक ऑफ यॉर्क यांचा विवाह झाला. तो विधी प्रक्षेपित करण्याची परवानगी ॲबीच्या धर्माधिकाऱ्यांनी नाकारली. मद्यगृहात बसलेले लोक डोक्यावरची टोपीही न काढता तो ऐकतील, अशी भीती त्यामागे होती, असे सांगितले जाते. ही भीती हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नाही. उपासना ऐकणाऱ्याने काहीतरी करावयाचे असते, निदान टोपी काढावयाची असते, हे तीत गृहीत आहे. श्रवण ही कृती आहे, आणि प्रक्षेपकाला ती कृती दिसत नाही.

तीनच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९२६ रोजी त्याच ॲबीतून गायकवृंदाच्या सायंप्रार्थनेचे प्रक्षेपण झाले. 'कोरल ईव्हनसाँग' या नावाने हा कार्यक्रम आजही चालू आहे. स्टुडिओबाहेरून होणाऱ्या बीबीसीच्या कार्यक्रमांत तो सर्वांत दीर्घायुषी गणला जातो. त्याच्या टिकण्याचे एक कारण त्या प्रार्थनेच्या घडणीत आहे. अँग्लिकन कॅथीड्रलमधील सायंप्रार्थनेत स्तोत्रे, मरीयेचे व शिमोनाचे गीत आणि अँथेम हा मोठा भाग गायकवृंद गातो. उपस्थित मंडळी बहुतांशी शांतपणे ऐकते. म्हणजे प्रत्यक्ष चर्चमध्येही सहभागाचे मुख्य रूप श्रवण हेच असते. शिवाय या प्रार्थनेची संहिता पंचांगाला जखडलेली आहे. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिली आहेत. कोणते स्तोत्र आवडेल याचा प्रश्नच येत नाही; आजचे स्तोत्र आजच गावयाचे. १९७२ पासून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधून राखेच्या बुधवारी होणारी सायंप्रार्थना प्रक्षेपित करण्याची जी प्रथा पडली, तिचे सामर्थ्यही त्या दिवसात आहे. त्या प्रार्थनेत ॲलेग्रीची 'मिझेरेरे' गायिली जाते. ती ५१व्या स्तोत्राची रचना, पश्चात्तापाची. एरवी ती उंच स्वरांच्या करामतीसाठी ऐकली जाते. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा पश्चात्तापाची होते.

या नित्यक्रमाशी श्रोत्यांचे नाते किती घट्ट असते, याचा प्रत्यय १९७० च्या सुमारास आला. हे साप्ताहिक प्रक्षेपण कमी करण्याचे ठरताच श्रोत्यांनी पत्रे लिहून विरोध केला आणि ते पुन्हा साप्ताहिक करावे लागले. एखादी मैफल रद्द झाली तर रसिक हळहळतात. येथे लोकांची प्रतिक्रिया आपली एखादी वहिवाट मोडली जात असल्यासारखी होती.

जर्मनीत याच काळात एक मोठा उपक्रम झाला. १९३१ ते १९३७ या वर्षांत लाइप्झिगच्या थोमासकिर्खचा संगीतप्रमुख कार्ल श्ट्राउबे याने बाखची कँटाटे रविवारी नभोवाणीवरून क्रमाने सादर केली. ही कँटाटे बाखने चर्चच्या वर्षातील त्या त्या रविवारसाठी लिहिली होती. ईस्टरचे कँटाट ईस्टरला ऐकावयाचे, ही जाण सभागृहांनी जवळजवळ घालविली होती. ती नभोवाणीच्या साप्ताहिक वेळापत्रकामुळे परत येऊ शकली. सभागृहाला हंगाम असतो. नभोवाणीला, चर्चप्रमाणेच, रविवार असतो.

वाल्टर बेंजामिन याने याच दशकात, १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलाकृतीच्या यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधात, समूहगायनाची कृती आता दिवाणखान्यात येऊन ऐकू लागली आहे, असे निरीक्षण नोंदविले आहे. कलाकृतीचे 'येथे' आणि 'आता' हे दोन्ही पुनरुत्पादनात लोपतात आणि तिच्याभोवतीचे वलय विरते, हा त्याचा सिद्धान्त सुपरिचित आहे. ध्वनिमुद्रिकेला तो लागू पडतो, याविषयी वाद नाही. परंतु थेट प्रक्षेपणाच्या बाबतीत एक भेद करावयास हवा. थेट प्रक्षेपणात 'येथे' जाते, पण 'आता' उरते. गुड फ्रायडेच्या दुपारी लाइप्झिगमध्ये गायिले जाणारे पॅशन शेकडो मैलांवर त्याच दुपारी ऐकू येते. आपल्याप्रमाणेच कोणीतरी, कोठेतरी, याच क्षणी हे ऐकत आहे, ही जाणीव श्रोत्याला असते. विखुरलेली का होईना, ती एक मंडळीच होय.

याच्या उलट, आज मागणीबरोबर केव्हाही उपलब्ध होणारे संगीत 'येथे'बरोबर 'आता'ही काढून घेते. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी 'मत्तयकृत पॅशन' ऐकण्यात गैर काही नाही; अभ्यासकाला तर ते ऐकावेच लागते. परंतु वाट पाहणे नाहीसे झाले, म्हणजे उपवासकाळातील ती शांतता नाहीशी झाली, की संहितेचा एक न लिहिलेला भाग गळून पडतो. १९३० च्या त्या रात्री बातमीच्या जागी ऐकू आलेल्या पियानोचे मोल येथे कळते. नभोवाणीलाही काही काळ गप्प बसता येत होते.

५. 'मी' आणि 'ते'

आतापर्यंतचे विवेचन वाचून या संहितेतील श्रोत्याची जागा सर्वथा निर्धोक आहे, असा समज होऊ नये. पॅशनमधील जमावाचे समूहगान हा या कृतींचा सर्वांत नाट्यमय आणि सर्वांत अडचणीचा भाग आहे. 'योहानकृत पॅशन'मध्ये हा जमाव वारंवार 'यहुदी' म्हणून निर्देशिला जातो. मत्तयाच्या २७व्या अध्यायात तर जमाव ख्रिस्ताच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या संततीवर घेतो. या वाक्याचा आधार घेऊन यहुदी लोकांवर शतकानुशतके अत्याचार झाले. युरोपातील अनेक ठिकाणी पवित्र सप्ताह हा त्यांच्या दृष्टीने भीतीचा काळ असे. यहुद्यांना सामूहिकरीत्या दोषी धरता येणार नाही, असे कॅथॉलिक चर्चने 'नोस्त्रा एताते' या निवेदनाद्वारे १९६५ मध्ये स्पष्ट केले.

संहितेचा न्याय करावयाचा तर असे म्हणावे लागते की, कोरालांची योजना या दोषारोपाच्या विरुद्ध दिशेने काम करते. त्याला कोणी मारले, या प्रश्नाला 'त्यांनी' असे उत्तर संहिता देऊ देत नाही; ती 'मी' असे उत्तर देते. परंतु संहितेने काय म्हटले आणि श्रोत्याने काय ऐकले, यांत अंतर पडू शकते. श्ट्राउबेच्या कँटाटांची मालिका सुरू झाली तेव्हा जर्मनीत प्रजासत्ताक होते. ती संपली तेव्हा नाझी सत्तेला चार वर्षे झाली होती. रविवारचे संगीत चालूच राहिले. ज्या देशात स्वतःला दोषी म्हणणारी ही गीते घराघरांत ऐकू येत होती, त्याच देशात दुसऱ्यांना दोषी ठरविणारे कायदे होत होते. श्रोत्यासाठी राखलेली जागा श्रोत्याने घेतलीच पाहिजे, अशी सक्ती कोणतीही साहित्यकृती करू शकत नाही. ती रिकामी ठेवून केवळ स्वरांचा आनंद घेता येतो. प्रक्षेपणात तर ती रिकामी आहे हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. टोपीची शंका घेणाऱ्यांना जे हास्यास्पद रीतीने सुचले होते, त्याचे गंभीर रूप हे असे आहे.

६. गुड फ्रायडे, १० एप्रिल २०२०

काळ आणि प्रतिसाद या दोन अटींपैकी पहिलीचा विचार वर झाला. दुसरीचा विलक्षण प्रयोग महामारीच्या वर्षी पाहावयास मिळाला. २०२० च्या पवित्र सप्ताहात युरोपातील चर्च आणि सभागृहे बंद होती. गुड फ्रायडेच्या दुपारी तीन वाजता, परंपरेने ख्रिस्ताच्या मृत्यूची मानलेल्या वेळी, लाइप्झिगच्या थोमासकिर्खमधून 'योहानकृत पॅशन'चे थेट प्रक्षेपण झाले. चर्च रिकामे होते. बाखच्या समाधीपाशी आइसलंडचा गायक बेनेदिक्त क्रिस्ट्यानसन उभा होता; सोबत एक तालवाद्यवादक आणि हार्प्सिकॉर्ड व ऑर्गन वाजविणारी एक वादक, एवढाच संच. शुभवर्तमानकार, ख्रिस्त, पिलात, जमाव या साऱ्यांचे शब्द त्या एकाच गायकाच्या कंठातून उमटत होते. कोरालांसाठी चर्चमध्ये एक छोटा गायकवर्ग होता. स्वित्झर्लंड, कॅनडा, मलेशिया अशा दूरच्या देशांतील गायकांचे स्वर त्यास चित्रफितींतून जोडले गेले, आणि घरोघरी ऐकणाऱ्यांना स्वरलिपी उपलब्ध करून देऊन सोबत गाण्याचे आवाहन करण्यात आले.

या प्रयोगाने संहितेचे अंतरंग उघडे केले. अडचणीपोटी गायक कमी करावे लागले तेव्हा जमावाचे गान एका गायकाकडे गेले, पण कोराल अनेकांकडेच ठेवावे लागले. या कृतीत काय कमी करता येते आणि काय येत नाही, याचे हे उत्तर होते. आणि जमावाचा क्रोध व कथनकाराची करुणा एकाच तोंडून बाहेर पडल्यामुळे 'ते' आणि 'मी' यांतील भिंतही पातळ झाली. आरडाओरडा करणारा आणि रडणारा एकच होता. मागील भागात ज्या धोक्याचा निर्देश केला, त्यावर सादरीकरणाने दिलेले हे एक प्रामाणिक उत्तर मानता येईल. लाइप्झिगच्या मूळ मंडळीने बहुधा मनातल्या मनात म्हटलेले कोराल जवळजवळ तीनशे वर्षांनी स्वयंपाकघरांतून आणि बंद खोल्यांतून मोठ्याने म्हटले गेले. प्रक्षेपणाने मंडळी मोडली, असे म्हणणाऱ्यांना या दुपारची दखल घ्यावी लागेल.

७. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

एकाच व्यक्तीने निवेदक आणि सर्व पात्रे व्हावयाची, मध्येच कथा थांबवून श्रोत्यांना परिचित पदाकडे वळवावयाचे आणि त्या पदात सर्वांना सामील करून घ्यावयाचे, ही रीत मराठी वाचकास नवी नाही. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा हेच घडते. साम्य वरवरचे ताणू नये. पॅशनची संहिता लिखित व निश्चित आहे, तर कीर्तनात कीर्तनकाराचे स्वातंत्र्य मोठे. तथापि अभंगातील संताचा एकवचनी 'मी' टाळकरी व श्रोते मिळून म्हणतात, त्या वेळी तो कोणाचा असतो, हा प्रश्न कोरालातील 'मी'विषयीच्या प्रश्नाचाच भाऊबंद आहे.

या दोन परंपरांचा मराठीत प्रत्यक्ष संबंधही आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, म्हणजे बाखच्या जन्माच्या ६९ वर्षे आधी. ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान त्यात ओवीबद्ध झाले आहे. नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणश्रवणाची उणीव भासत होती, हा त्याच्या निर्मितीमागील हेतू ग्रंथातूनच कळतो, आणि ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जात असे. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळींत कीर्तन रुजले. तेव्हा दुःखसहनाची कथा मराठीत आली ती श्रवणाची संहिता म्हणूनच. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ती ग्रंथाच्या पानांपुरती उरते. भाषा, छंद, पाठभेद यांची चर्चा होते. ही ओवी कोणत्या दिवशी, कोणापुढे, कोणाच्या तोंडून म्हटली जात होती आणि ऐकणाऱ्याकडून तिला कशाची अपेक्षा होती, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पॅशनच्या संहितेत श्रोत्याची जागा कोरालातील सामूहिक 'मी'ने निश्चित केलेली आहे आणि ती वास्तूवर अवलंबून नाही. मंदिरापासून या संगीताची फारकत सभागृहाने केली. नभोवाणीने त्याला त्याचा दिवस काही प्रमाणात परत मिळवून दिला. थेट प्रक्षेपण आणि केव्हाही ऐकता येणारे ध्वनिमुद्रण यांत म्हणूनच गुणात्मक भेद आहे. श्रोत्याची जागा रिकामी राहण्याचा धोका प्रक्षेपणात अधिक असतो, आणि त्याचे परिणाम केवळ सौंदर्यशास्त्रीय नसतात, याची साक्ष विसाव्या शतकाचा इतिहास देतो.

धार्मिक संहितांचा वाङ्मयीन अभ्यास करताना आपण त्यांच्या श्रद्धेशी सहमत असावे, अशी अट नाही. परंतु त्या संहिता ज्याला उद्देशून उच्चारल्या गेल्या त्याला वगळून त्यांचा अभ्यास पुरा होत नाही. शिष्यांचा प्रश्न आणि कोरालाचे उत्तर यांच्यामध्ये बाखने जराही थांबा ठेवलेला नाही. ऐकणाऱ्याला विचार करून सुटका करून घेण्यास वेळच मिळू नये, अशी ती योजना आहे. ऐकण्याची साधने बदलत गेली, तरी त्या दोन स्वरांमधील अंतर अद्याप तेवढेच आहे.